भाव ठरवणारी गावं

ब्रह्मपुरी मागे पडली आणि वैनगंगेचा पूल आला. मार्च नुकताच लागला होता. नदीचं पाणी एका कडेला सरकलेलं, बाकी पात्रात वाळूच वाळू आणि त्या वाळूत लांबवर कलिंगड-काकडीच्या वाड्या. पूल संपतो तिथे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा काढलेला आणि तीन चतुर्थांश जंगलाखाली असलेला हा जिल्हा मुंबईच्या माणसाला ठाऊक असतो तो चकमकींच्या बातम्यांतून. नक्षलवादी आंध्रातून सिरोंच्यात उतरले ते १९८०च्या सुमारास. तेव्हापासून इथली गावं बंदुकांच्या दोन बाजूंमध्ये राहिली. मला पाहायचं होतं ते हे, की अशा ठिकाणी माणसं धंदा कसा करतात? माल कुणाला विकतात, उधारी कशी वसूल करतात? आणि त्यांच्या हाताला बळ द्यायचं म्हटलं, तर नेमकं काय द्यावं लागतं?

पूल ओलांडला की वडसा. कागदोपत्री देसाईगंज. एवढ्या अवाढव्य जिल्ह्याला आगगाडी भेटते ती याच गावात. पण वडशाची खरी ओळख भिंतींवर दिसते. एका पोस्टरवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, सगळी नाटकांची. झाडीपट्टी रंगभूमीची ही राजधानी. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो, होळीपर्यंत चालतो. नाटक मंडळांची कचेरी म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. आत भिंतीवर तारखांचा फळा आणि टेबलाशी गावोगावची माणसं नाटक ठरवायला आलेली. गाव ठरलेली रक्कम देऊन नाटक घेतं, स्वतः मंडप घालतं, स्वतः तिकिटं विकतं. उरलेला पैसा बऱ्याच ठिकाणी गावाच्याच कामी लागतो.

रात्री जवळच्या एका गावात नाटकाला गेले. मुंबईत तिसरी घंटा झाली की आपलं निम्मं लक्ष परतीच्या लोकलकडे असतं. इथे पडदाच साडेदहाच्या पुढे वर गेला आणि शेवटचा प्रवेश झाला तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. ताडपत्रीवर कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली, पोरं मांडीवर झोपलेली, लेकीबाळी सासरहून नाटकासाठी माहेरी आलेल्या. मंडपाबाहेर भजी, चहा, फुगे, बांगड्या, उसाचा रस. भजी तळणारी बाई मध्यरात्री म्हणाली, "हंगामभर असंच फिरतो जी आमी. नाटक तिथं आमची कढई." नाटकातले नट, ऑर्गनवाला, तबलजी, मंडपवाला, दिवे लावणारा आणि ही कढई, सगळ्यांची चूल एका रात्रीवर पेटते. आणि हे सगळं अनुदानाची वाट न बघता उभं राहिलेलं आहे. रात्री रस्त्यावर निघायची माणसांना धास्ती होती त्या वर्षांतही अनेक गावांत ही नाटकं होत राहिली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या आयुष्यासाठी. आम्हा मुंबईकरांनी त्या आधी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं, हे मला तिथे ताडपत्रीवर बसून फार लागलं.

कुरखेड्याच्या बाजूला मोह गळायला लागला होता. पहाटे चारलाच बायका टोपल्या घेऊन बाहेर पडतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून साफ केलेला, म्हणजे फूल मातीत हरवत नाही. कुठलं झाड कुणाचं हे ठरलेलं असतं, कुंपण नसतं आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. मीही वाकून वेचून पाहिलं. फूल रसाळ, पिवळट पांढरं, बोटांना चिकटणारं आणि वास असा की केसांतून दिवसभर जात नाही. ऊन चढेपर्यंत अंगणात मोहाची चादर पसरली जाते. दोन-चार दिवसांत तिचा रंग मनुकांसारखा होतो.

या अंगणातच मला पहिलं उत्तर मिळालं. मोह गळतो तेव्हा सगळ्यांकडेच मोह असतो, म्हणून भाव पडलेला. पावसाळ्यात तोच मोह दुर्मीळ होतो आणि भाव चढतो. पण घरात तेल-मीठ संपलेलं, पोराच्या शाळेचं काही भरायचं, कुणी आजारी. मग ओला-सुका जसा असेल तसा पायलीनं दुकानात नेऊन टाकायचा. पावसात पुन्हा तोच, आपणच विकलेला मोह चढ्या भावानं विकत आणायचा. त्यातून जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. ती बायकांनीच लढून आणलेली आणि मला ती हवीच वाटते. पण मोह साठवला की दारूच्या संशयानं कुणाच्या तरी भुवया उंचावणार, ही भीती गरिबाच्याच वाट्याला आली. इथल्या बचत गटानं काय केलं? गटाच्या पैशातून बायकांना मोहाच्या तारणावर उचल दिली, मोह एका कोरड्या खोलीत पोत्यांत भरून ठेवला आणि भाव आला तेव्हा एकत्र विकला. थोडा मोह लाडवांना ठेवला. गरिबाला धंद्यासाठी सगळ्यात आधी काय हवं, तर थांबता येण्याइतका पैसा. यंत्रं नंतर आणि प्रशिक्षणं तर त्याहून नंतर. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था १९८४ पासून याच कुरखेड्यात काम करते आहे. नावात आरोग्य असलेली संस्था गावाच्या जंगलहक्काच्या आणि बायकांच्या कमाईच्या प्रश्नापर्यंत का पोचते, ते त्या अंगणात उभं राहिलं की कळतं.

जेवायला भात, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि शेवटी तिळात वळलेला मोहाचा लाडू. त्याची गोडी गुळाहून गडद, मागे किंचित तुरट चव राहते. इथे पाहुणा आला की आधी तांब्याभर पाणी हातात येतं, मग अंगणात खाट टाकली जाते आणि 'कोण, कुठले' हा प्रश्न जेवण झाल्यावर. आमच्याकडे आधी दाराच्या भिंगातून पाहणं, मग साखळी, मग प्रश्न. ज्यांच्या दारावर रात्री-अपरात्री बंदूकधाऱ्यांच्या थापा पडल्या आहेत, त्यांनी दार असं उघडं ठेवावं याचा मला राहून राहून अचंबा वाटला.

वैरागडवरून आरमोरीला आले. इथे भाताच्या गिरण्यांचा तूस रस्त्यापर्यंत उडतो आणि आसपासच्या ऐनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसं कोशाचे किडे जोपासतात. नदीत मासे धरणारा हात झाडावर किडे राखतो. पाखरांना हाकलायला गलोल घेऊन माणूस दिवसभर झाडाखाली बसलेला असतो. मुंबईच्या प्रदर्शनात टसरचं पातळ बोटांनी चाचपताना हा राखणदार आपल्या डोळ्यांपुढे नसतो. गडचिरोली शहरात मी फार थांबले नाही. पोलीस भरतीच्या क्लासचे फलक, झेरॉक्सची दुकानं, अर्ज भरून देणारी केंद्रं, जिल्ह्याच्या ठिकाणाला असतं ते सगळं.

धानोऱ्याच्या रस्त्यावर लेखा लागतं आणि त्याला लागूनच मेंढा. साडेचारशे-पाचशे वस्तीचं गोंडांचं गाव. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, बांबूची कुंपणं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली. गावाचे नेते देवाजी तोफा यांचं हे गाव, आणि २०२५च्या जानेवारीत आपल्यातून गेलेले सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची कर्मभूमी. गावसभेत बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एखादी म्हातारी 'मला पटलं नाही' म्हणाली, तर विषय पुढल्या बैठकीत. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हात वर करून विषय उडवायची आम्हाला सवय. मला आधी वाटलं, असं कसं कामकाज चालेल? दुपारभर त्यांच्यात बसल्यावर लक्षात आलं, की इथे ठरलेली गोष्ट नंतर कुणी मोडत नाही, कारण ती ज्याच्यावर लादली असा माणूसच उरत नाही.

एका तरुणानं पत्र्याची पेटी उघडली. वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक नकाशा, खाली बँकेची पासबुकं, पावत्यांचे गठ्ठे आणि मोठमोठी रजिस्टरं. एकाच्या पुठ्ठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. त्यानं पान उघडून बोट ठेवत ठेवत दाखवलं: ही जाहिरात, ही आलेली दरपत्रकं, ही उघडली त्या दिवशीची हजेरी, सह्या आणि अंगठे, हा करार, ही मजुरी, हे स्वामित्वशुल्क. अंगठ्यांच्या रांगेत बायकांचे अंगठे पुरुषांच्या बरोबरीनं. पानाच्या कडा हाताळून मऊ पडलेल्या. हिशेब गावात कुणीही, केव्हाही मागून बघू शकतं.

या पेटीपर्यंत पोचायला गावाला किती वर्षं लागली! पिढ्यान्‌पिढ्या बांबू यांच्या दारात वाढत होता आणि लीजवर जात होता कागद कारखान्याला. गावकऱ्यानं तोडला तर गुन्हा, कारखान्यानं तोडला तर उद्योग. १९२७चा वन कायदा बांबूला झाड म्हणत असे. झाड म्हणजे इमारती लाकूड, म्हणजे सरकारचं. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८१० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी हे एक. तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती. तोडा, पण नेऊ नका, असा प्रकार. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण या गावात आले आणि परवान्याचं पुस्तक गावसभेच्या हाती दिलं. त्या दिवसापासून हे गाव व्यापारी झालं. निविदा काढणारं, भाव नाकारू शकणारं.

तेंदूचंही असंच. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. मे महिन्यात ही पानं तोडून दोन-तीन आठवड्यांत घर वर्षाची रोख रक्कम मिळवतं. पूर्वी ठेकेदार यायचा, दर सांगायचा आणि लोक ऐकायचे. तोच ठेकेदार जंगलातल्यांनाही पैसे पोचवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं सगळ्यांशी जमत असे आणि पान तोडणाऱ्याचं मात्र कुणाशीच नाही. नक्षलवाद्यांनी ऐंशीच्या दशकात पानाची मजुरी वाढवा म्हणत गावांत पाय रोवले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. भाव पडत होता म्हणून बंदुकीला ऐकणारे कान मिळाले. पुढे ती बंदूकच गावावर उलटली, खबऱ्या ठरवून माणसं मारली गेली. मला या प्रवासात कळलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, की इथे भाव ठरवण्याचा हक्क गावाकडे येणं हे शांततेचंच काम आहे. २०१३ पासून गडचिरोली-गोंदियातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू स्वतः विकू लागल्या. सगळं गोड झालं असं नाही. एखाद्या वर्षी बाजार पडतो, एखादा खरेदीदार आगाऊ रक्कम देऊन बाकी बुडवतो, आणि मग गावच गावाला तोंड दाखवायला लाजतं. म्हणून अनुभवी ग्रामसभा करारात हप्ते बांधून घेतात आणि पैसा जमा झाल्याशिवाय गोणी हलू देत नाहीत. मी गेले तेव्हा खुटकटाई चालली होती. कोवळी, मोठी पानं यावीत म्हणून तेंदूची खुरटी झुडपं आधी छाटून ठेवतात. मेच्या कमाईची तयारी मार्चमध्येच असते.

भाव आणि शांतता यांचं हे नातं इथलंच नाही. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४च्या नरसंहारानंतर मराबाच्या डोंगरांतल्या कॉफी उत्पादकांनी सहकारी संस्था उभी केली. फळं धुऊन, निवडून थेट परदेशी खरेदीदाराला विकता यायला लागली तेव्हा त्यांना भाव मिळाला आणि ज्या घरांमध्ये रक्त सांडलं होतं ती एकाच वजनकाट्यापुढे उभी राहू लागली. मेंढ्याच्या पेटीपुढे बसून मला तो काटा आठवला.

दक्षिणेला उतरावं तसं जंगल दाटत जातं. आलापल्लीच्या अलीकडे-पलीकडे सागाचे सरळसोट बुंधे आणि रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. त्यांच्या चाकांची लाल धूळ रस्त्याकडेच्या पानांवर बसलेली. खाणीत रोख पगार मिळतो, हे पोरं मोकळेपणानं सांगतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त एवढं वाटलं, की पगाराची नोकरी एका घरातल्या एकाला मिळते, जंगल अख्ख्या घराला कामाला लावतं. त्याच सुरजागडच्या डोंगरावर दर जानेवारीत आसपासची गावं ठाकूरदेवाच्या यात्रेला जमतात.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प. २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झालेल्या या कामाबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. पुढे पर्लकोटा ओलांडली की भामरागड. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम अशा तीन नद्यांच्या संगमावरचं तालुक्याचं गाव. पलीकडचा किनारा छत्तीसगडचा.

आठवडी बाजारात माडिया आदिवासी बायका टोपल्या घेऊन ओळीनं बसलेल्या. चिंच, चारोळी, मोह, सुकी मासळी, लाल मुंग्यांची चटणी पानाच्या द्रोणात. चटणी मी खाल्ली. आंबट, झणझणीत, लिंबाची गरजच नाही. एकेकाळी या भागात चारोळीच्या मापाला मीठ देऊन व्यापारी निघून जायचे. आता प्रत्येकीला शहरातला चारोळीचा भाव ठाऊक आहे. बायका मोठ्यानं ओरडून माल विकत नाहीत. तुम्ही थांबलात तर बघतात, विचारलंत तर सांगतात, घासाघीस केलीत तर टोपलीवरचं फडकं ओढून घेतात. मला गोरेगाव स्टेशनबाहेर बसणाऱ्या, आरेच्या पाड्यांवरच्या वारली बायका आठवल्या. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुरडू घेऊन बसतात आणि आम्ही दहा रुपयांसाठी त्यांच्याशी हुज्जत घालतो. ज्या गोरेगावच्या मृणालताई गोरे यांनी १९७२ मध्ये महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या, त्या गोरेगावातल्या आम्ही. विकणाऱ्या बाईलाही तिचा भाव असतो, हा त्या लाटण्याचा दुसरा अर्थ आम्ही कधी शिकलोच नाही.

बाजारातल्या एका किराणा दुकानदाराशी बोलणं झालं. साठीचा, सावकाश बोलणारा. "माल जास्त भरला की विचारणा. एवढं तांदूळ कोनासाठी? कमी भरला की गिऱ्हाईक परत." तो सांगत होता. त्याच्या दुकानात दिवसा एका बाजूची माणसं यायची, रात्री दुसऱ्या. नाही म्हणायची सोय नव्हती आणि हो म्हटलं की सकाळी कोणीतरी जाब विचारणार. जुलै-ऑगस्टमधला नक्षलवाद्यांचा शहीद सप्ताह, डिसेंबरमधला दुसरा सप्ताह, रस्त्यावर झाडं आडवी, एसटी बंद, माल तिकडेच अडकलेला. ८ ऑक्टोबर २००९ ला जवळच्याच लाहेरीत सतरा पोलीस मारले गेले, त्यानंतर कित्येक दिवस त्यानं फळी अर्धीच उघडली होती. "आता बरं आहे," तो म्हणाला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये नक्षलवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव यानं साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्याच वर्षी १ जानेवारीला अहेरीहून गर्देवाड्याला पहिल्यांदा एसटी गेली होती. पोलीस ठाण्यांमध्ये 'दादालोरा खिडकी' उघडली आहे, तिथे दाखले आणि योजनांचे अर्ज होतात. दुकानदाराला मी विचारलं, यातलं तुम्हाला काय जास्त उपयोगी पडलं? तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "एसटी." आतल्या गावाची बाई डोक्यावरची टोपली घेऊन बसनं येते, त्याच बसनं परत जाते. मुक्काम नाही, दलालाला विकायची घाई नाही.

शेवटच्या दुपारी एका बचत गटाच्या बायकांकडे गेले. बांबूची सुपं, टोपल्या, परड्या. एक जण पायाच्या अंगठ्यात बांबूचं टोक धरून सुरीनं इतक्या बारीक काड्या काढत होती की उजेड आरपार दिसावा. मी म्हटलं, गणपतीत आमच्याकडे फुलांच्या परड्या खूप लागतात, आमचं महिला मंडळ घेईल. मला वाटलं त्या हरखतील. अध्यक्षबाईंनी वही उघडली आणि विचारलं, "किती नग? पैसे कधी?"

मी म्हटलं, ऑगस्टमध्ये कळवते.

"तवा नाई जमत ताई. पर्लकोटेला पूर आला की आमचा रस्ता बंद. माल मृगाच्या आधी इथून निघाला पायजे. अन् काडी आता उन्हात वाळवायची, पावसात बुरशी धरते." निम्मी रक्कम आगाऊ, गटाच्या खात्यात. भाव नगावर, ठरला की बदलणार नाही, आम्हीही बदलणार नाही. मोडका नग परत घेऊ, 'आवडला नाही' म्हणून परत घेणार नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत बाकीच्या बायका काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक माडियात काहीतरी म्हणाली, सगळ्या हसल्या. मी अर्थ विचारला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ती विचारते, एकदा घेऊन जानार, का दरसाल घेनार? मागं एक जन येऊन फोटो काढून, खूप सारं बनवायला सांगून गेला. टोपल्या अजून माळ्यावर आहेत."

मोबाइलला रेंज मिळेल अशा जागी, शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन मी मंडळाच्या खजिनदारांना फोन लावला. गणपती अजून कित्येक महिने लांब, आत्तापासून पैसे कशाला, असं त्यांनी विचारलंच. पर्लकोटेचा पूर त्यांना समजावून सांगायला वेळ लागला. मग आम्ही दोघींनी ठरवलं की सभासदांकडून परडीमागे निम्मे पैसे याच महिन्यात गोळा करायचे आणि तीन गणपतींचा करार एकदमच करायचा. परत येऊन मी तसं सांगितलं. अध्यक्षबाईंनी नगांचा आकडा लिहिला, पुढे तिन्ही वर्षं लिहिली, वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "सही करा जी. अन् खाली पत्ता पन लिवा, पिनकोडसकट."